गल्ली वर, घर खाली

मुंबईत, कुर्ल्यात मिठी नदीच्या काठाला माझी मावशी राहते. तिच्या घरात शिरताना आता पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्या लहानपणी त्याच दारात पायरी चढावी लागायची. घर खचलेलं नाही, गल्ली वर आली. शहाबादी फरशीवर काँक्रीट पडलं, त्यावर पेव्हर ब्लॉक, मग परत काँक्रीट. खालचा थर कुणी कधी उकरला नाही. दर वेळी नारळ फुटला, फलक लागला, आणि मावशीचं घर आणखी वीतभर खोल गेलं.

आता दारात तिने विटांचा कठडा बांधून घेतलाय. तो ओलांडायचा, मग आत उतरायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईने हे दिवसातून किती वेळा करायचं, विचारू नका. फ्रिज लोखंडी स्टँडवर, स्टँड विटांवर. विजेचे पॉइंट छातीएवढ्या उंचीवर. रेशनकार्ड आणि काकांच्या पेन्शनचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पोटमाळ्यावर. बाहेरच्यांना वाटतं पाणी दारातून येतं. ते आधी मोरीतून येतं, उलटं, गटाराच्या वासासकट. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मावशी रेतीची पुरचुंडी बांधून ठेवते आणि पाऊस धरला की ती मोरीच्या तोंडात दाबते.

या सगळ्याचा खर्च तिचा. कुठल्याच खात्यात तो दिसत नाही, आणि मला तेच जास्त खुपतं. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांचे हिशेब बघणं हा माझा धंदा. तिथे ‘आपत्ती जोखीम न्यूनीकरण’, म्हणजे संकट यायच्या आधीच त्याचा धोका कमी करणं, हा जडजंबाल शब्द रोज टेबलावर असतो.

या विषयावरचा सध्याचा जागतिक करार जपानमधल्या सेंदाई शहरात मार्च २०१५ मध्ये झाला, मुदत २०३० पर्यंत. त्याआधीचा ह्योगो आराखडा जानेवारी २००५ चा, त्सुनामीनंतर काही आठवड्यांतच कोबेमध्ये ठरलेला. सेंदाईचं उद्दिष्ट दुहेरी आहे: आहे ती जोखीम कमी करा, आणि नवी तयार होऊ देऊ नका.

पहिला भाग सगळ्यांना आवडतो, आणि तो जमतोही. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेली, १९९१ मध्येही लाखाच्या वर. मग निवारे वाढले, गावोगाव कर्णे आणि झेंडे घेऊन फिरणारे स्वयंसेवकही वाढले. २०२० च्या अम्फानमध्ये तिथले बळी काही डझनांत होते. ओडिशातही १९९९ ला दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नाससुद्धा नाहीत. परदेशी मदत सत्कारणी लागते हे दाखवायला मी हीच उदाहरणं देते.

दुसरा भाग मात्र अवघड जागचं दुखणं. नवी जोखीम आपत्ती खातं तयार करत नाही. ती रस्ते, घरं, विमानतळ, कार्यालयं बांधणारे तयार करतात, आणि त्याचं नाव विकास. मिठीवर विमानतळाची धावपट्टी आली, तिच्या मुखाजवळच्या दलदलीत भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, खारफुटी गेली. यातलं एकही काम कुणी पूर आणायचा म्हणून केलं नाही. प्रत्येकाची फाइल स्वच्छ असणार.

आणि पैसा? १९९१ ते २०१० या वीस वर्षांत जगभर दिल्या गेलेल्या विकास मदतीत दर शंभर डॉलरमागे संकट टाळण्यासाठी गेले सुमारे चाळीस सेंट. घडून गेल्यावर मात्र हात सैल सुटतो. मुंबईला हे परक्याकडून शिकायची गरज नाही. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता ५० पर्यंत न्या असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड, म्हणजे शहराच्या पावसाळी गटारांवरचा अहवाल, १९९३ चा. तो बराचसा कागदावरच राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर कोसळला आणि त्यानंतर केंद्राकडून १,२०० कोटी मंजूर झाले. पन्नासची गटारं असती तरी तो पाऊस त्यांनी गिळला नसता, हे कबूल. पण दर वर्षीचा साधा पाऊस तरी गिळला असता की!

माझ्या धंद्यातली एक गंमत सांगते. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देणगीदारांची एक खूण असते: आपत्तीची जोखीम कमी करणं हा प्रकल्पाचा कितपत हेतू आहे, यासाठी ०, १ किंवा २. मुख्य हेतूच तो असेल तर २, बऱ्यापैकी असेल तर १, काही संबंध नसेल तर ०. वस्तीतल्या गल्ल्या आणि शौचालयांचं एक काम गेल्या वर्षी माझ्याकडे हिशेबाला आलं. नकाशात गल्ली नऊ इंच वर चढत होती. निधी देणाऱ्यांच्या प्रतिनिधीने शांतपणे ० टाकला. मी म्हटलं, “साहेब, हे उणे एक आहे.” ते हसले. तसा आकडा फॉर्ममध्ये नाही, म्हणाले, शेऱ्यात लिहा.

हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात हे अकरावीतलं पोरगंही सांगेल. इथे फक्त जमेची आहे.

शेऱ्यात मी लिहिलं: आधीचा थर उकरून मगच नवा टाकावा, आणि काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक उंबरठ्याची पातळी मोजून नोंदवावी. त्यासाठी खोदाई आणि डेब्रिज वाहतूक अशी एक ओळ अंदाजपत्रकात वाढवली. पहिल्याच कपातीत ती उडाली. दुसऱ्या मसुद्यात मी ती परत घातली आहे, यंदा उंबरठ्यांच्या फोटोंसकट. उत्तर यायचंय.