डबा कुठला आहे?

माझी धाकटी बहीण ओसाकाला असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती नागपूरला आली तेव्हा माझ्या लेकासाठी प्लेस्टेशन ५ चा एक कोरा गेम घेऊन आली. तिथल्या डेनडेन टाउनमधून, म्हणजे निप्पोनबाशी भागातल्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून घेतलेला. लेक सोळाचा. मावशीने आणलं म्हटल्यावर त्याने वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडता सोडवलं. डिस्क घातली, भाषा इंग्रजी निवडली, गेम सुरू. आम्ही सगळे खूश.

डब्यात एक चिठ्ठीही निघाली, तिच्यावर कोड. बहिणीने सांगितलं, जपानमध्ये नवा गेम येतो तेव्हा पहिल्या खेपेच्या प्रतींमध्ये असं काहीतरी जादा देतात, एखादा पोशाख नाहीतर शस्त्र. शिवाय दुकानागणिक भेट वेगळी. एकाकडे चित्राचं कार्ड, दुसऱ्याकडे कापडी पिशवी. कोणती भेट हवी ते बघून लोक दुकान ठरवतात आणि आधीच नाव नोंदवून ठेवतात. लेकाने कोड टाकला, तर चालेना. तो शून्य आहे की ओ, यावर आम्हा मायलेकांचा अर्धा तास गेला. शेवटी चिठ्ठी डब्यात परत ठेवली आणि विसरलो. खरं म्हणजे तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

मे महिन्यापर्यंत त्याचे साठेक तास खेळून झाले होते. त्याच गेमला जोडायचा जादा भाग, ज्याला ही मुलं डीएलसी म्हणतात, ऑनलाइन मिळत होता. वाढदिवस जवळ आलेला, म्हणून मी ऑफिसमधून फोनवरच त्याच्या खात्यातून तो विकत घेतला. पैसे लगेच कापले गेले. घरी मात्र दुपारपासून लाइट नव्हती, त्यामुळे काही डाउनलोड झालं नाही. त्या दिवशी लाइटच्या नावाने मी बरंच बोलले. पण तिनेच मला वाचवलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरा कंट्रोलर घ्यायला आम्ही बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. मेन रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, नवे-जुने गेम विकतात, बदलूनही देतात. लेकाने तो न चालणारा कोड दाखवायला डबा सोबत घेतला होता. दुकानदाराने चिठ्ठी बघितलीच नाही. डबा हातात घेऊन कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ताई, हा तर जपानचा डबा आहे. कोड यांच्या खात्यात कसा चालणार?"

मी डीएलसीचं सांगितलं, तसा तो कपाटाकडे वळला आणि आणखी दोन डबे काढून काउंटरच्या काचेवर ओळीने मांडले. त्याच गेमचे. चित्र तेच, वरची पांढरी पट्टी तीच. त्याने मला फक्त खालचे कोपरे बघायला लावले. आमच्या डब्यावर निळ्या रंगात सी होता. ही जपानच्या सेरो या, गेमचा वयोगट ठरवणाऱ्या संस्थेची खूण, सी म्हणजे १५ वर्षं आणि पुढे. दुसऱ्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षर, ते अमेरिकेचं ईएसआरबी. तिसऱ्यावर १६ चा आकडा, ही युरोपची पेगी. जर्मनीची तर आणखी निराळी, यूएसके नावाची, वयाप्रमाणे रंग बदलणारी. भारतात रीतसर येणारे डबे बहुतेक पेगीचेच असतात, वरून आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर. त्या तिसऱ्यावर ४,९९९ लिहिलेलं होतं.

मग त्याने डबे आडवे करून कडेवरचे नंबर दाखवले. युरोपच्या आणि अमेरिकेच्या डब्यावर पीपीएसएने सुरू होणारे, आमच्यावर ईएलजेएमने. पीपीएसए दोघांकडेही असल्याने नुसत्या नंबरवर जायचं नाही, वयाची खूण बघायचीच, हे त्याने दोनदा सांगितलं. "पीएस टूच्या काळात परदेशातली डिस्क मशीन घेतच नव्हतं. आता डिस्क कुठलीही चालते, म्हणून लोक फसतात. डिस्क चालते, पण वरून घेतलेलं डीएलसी डिस्क जिथली तिथल्याच दुकानातलं लागते." प्लेस्टेशनचं आपल्या देशातलं ऑनलाइन दुकान युरोपच्या गटात मोडतं. म्हणजे लंडनहून कुणी डबा आणला असता तर काही अडलं नसतं. जपानच्या डिस्कला मात्र जपानचंच डीएलसी.

मी त्याच काउंटरवर उभी राहून परताव्याचा नियम वाचला. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि डाउनलोड सुरू झालेलं नसेल तर पैसे परत मिळतात. घरी फोन लावला, लाइट यायची होती. सासूबाईंना सांगितलं, लाइट आली तरी त्या मशीनचं बटण कुणी दाबायचं नाही. मग तिथूनच अर्ज केला. पैसे खात्याच्या वॉलेटमध्ये परत आले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आता उरला प्रश्न त्या साठ तासांचा. लेकाच्या मित्रांनी सोपा उपाय सुचवला होता, जपानचं एक खातं उघडायचं, येनमधलं गिफ्ट कार्ड मागवायचं आणि डीएलसी तिथूनच घ्यायचं. पुष्कळ जण करतात. पण खातं उघडताना तुम्ही राहता तो देश खरा सांगायचा असतो, आणि एकदा सांगितला की त्या खात्याचा देश बदलता येत नाही. नागपुरात बसून ओसाकाचे रहिवासी म्हणून लिहायचं, ते मला पटलं नाही, आणि लेकासमोर तर नाहीच.

दुसरा रस्ता पेगीचा डबा घ्यायचा. पण मग सुरुवातीपासून खेळायचं, कारण जपानी प्रतीतलं सेव्ह, म्हणजे आतापर्यंतचा साठवून ठेवलेला खेळ, त्यात चालणार नव्हतं. मी निर्णय त्याच्यावर सोडला. तो रात्रभर गप्प होता. सकाळी पोहे खाताना म्हणाला, "आई, जुना मिळाला तर घेऊ. पहिल्या वेळी मी घाईघाईतच खेळलो होतो." त्याच दुकानातून वापरलेली प्रत घेतली, मूळ किमतीच्या निम्म्याला. दुकानदार जपानी डबा बदल्यात घ्यायला तयार होता, लेकाने दिला नाही. तो अजून त्याच्या टेबलावर आहे, चिठ्ठीसकट.

दिवाळीच्या आधी बहिणीचा फोन आला. "ताई, दुकानात उभी आहे. स्विच २ घेऊ का त्याच्यासाठी? इथे ४९,९८० येनला आहे." मोह पडण्यासारखीच गोष्ट होती, कारण हे गेमचं मशीन बनवणारी निन्टेन्डो कंपनी भारतात अधिकृतपणे विकतच नाही, इथे सगळा बाहेरून आलेला माल. पण एव्हाना मी वाचून ठेवलं होतं. त्या किमतीचं मशीन फक्त जपानी भाषेत चालतं आणि जपानच्याच खात्याला जोडता येतं. सगळ्या भाषांचं मशीन ६९,९८० येनला, आणि तेही कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच.

"डब्यावर काय लिहिलंय, वाच."

तिने वाचलं. "जपानी भाषा, देशांतर्गत वापरासाठी."

"मग ठेव खाली," मी म्हणाले. "आणि त्याला आवडते ती मोची घेऊन ये."