काकांचा तांब्या आणि बाबांचं आयएमआरटी

माझ्या काकांच्या उशाशी अजूनही पाण्याचा तांब्या असतो. 2008 साली त्यांना घशाच्या कॅन्सरसाठी कोबाल्टच्या मशीनवर शेक दिला (आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, कुणी लाईट घेणं म्हणतं), आजार गेला पण लाळ गेली ती गेलीच, रात्री दोन-तीनदा उठून घोटभर पाणी घेतल्याशिवाय जीभ टाळूची सुटत नाही. म्हणून गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या टॉन्सिलला गाठ निघाली तेव्हा ते डॉक्टरांना पहिलं हेच म्हणाले, "दादासारखं कोरडं तोंड होणार का हो माझं?"

तेव्हापासून मी हा विषय वाचतोय, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलंय.

काकांच्या वेळी किरण डावीकडून नि उजवीकडून समोरासमोर सोडायचे. कानाच्या पुढे-खाली लाळेच्या मोठ्या ग्रंथी असतात, पॅरोटिड, त्या दोन्ही बाजूंच्या नेमक्या वाटेत, म्हणजे जवळपास पूर्ण डोस त्यांनाही. पुढे थ्रीडी आलं, सीटी स्कॅनवर गाठ बघून किरणांचा झोत तिच्या आकाराचा करायचा, पण झोताचा जोर सगळीकडे सारखाच. त्यापुढची पद्धत आयएमआरटी, बाबांना तीच दिली, तिच्यात लिनॅक म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या सरकत राहतात आणि एकाच झोतात इथे जास्त तिथे कमी असं करता येतं, त्यामुळे गाठीला 66-70 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) देऊनही ग्रंथीला बरंच वाचवता येतं. व्हीमॅट म्हणजे तेच, फक्त मशीन फिरता फिरता किरण देतं, काम काही मिनिटांत उरकतं. घसा सोलवटलेल्या माणसाला चिकट थुंकी गिळत उताणं पडायचं असतं, त्याला ती वाचलेली मिनिटं खूप असतात.

आणि हे नुसतं जाहिरातीतलं नाहीये. ब्रिटनच्या पारस्पोर्ट ट्रायलमध्ये 94 पेशंट होते, वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड जुन्या पद्धतीत 74 टक्के लोकांना, आयएमआरटीत 38 टक्के. आपल्या टाटा मेमोरियलनेही 60 पेशंटवर थ्रीडी आणि आयएमआरटी ताडून पाहिलं, उपचार चालू असतानाचा लाळेचा त्रास 89 विरुद्ध 59 टक्के. कॅन्सर आटोक्यात राहण्यात मात्र फरक दिसला नाही. म्हणून कुणाला थ्रीडीच मिळत असेल तर प्लीज घाबरून उपचार लांबवू नका, मी अगदी कळकळीने सांगतोय.

डॉक्टरांनी बाबांचा प्लॅन स्क्रीनवर दाखवला होता. गाठीवर लाल म्हणजे सगळ्यात जास्त डोस, भोवती पिवळा, मग हिरवा, आणि डाव्या पॅरोटिडवर तो रंग आत वळलेला, जणू बोटाने दाबून खळगा केलाय. तिचा सरासरी डोस 24 ग्रे, 26 च्या खाली ठेवायची धडपड असते म्हणाले. उजवी गाठीला लागूनच, ती तेवढी वाचणार नव्हती, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

प्रोटॉन कणांनी रेडिएशन देतात त्याबद्दलही विचारलं. चेन्नईत 2019 पासून आहे, खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये 2023 पासून. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडे डोस जवळपास जातच नाही. पण बाबांच्या केसमध्ये त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांचं मत पडलं आणि मला ते पटलं.

कारण खरा शत्रू उशीर. 35 शेक, आठवड्याला पाच, सात आठवडे, यात खाडे झाले की गाठीला परत वाढायला वाव मिळतो. मधे एकदा मशीन दोन दिवस बंद पडलं आणि आम्हाला फोनसुद्धा आला नाही, 40 किलोमीटर जाऊन परत आलो. मी तिथंच थांबून भांडून विचारलं की हे दिवस कसे भरून काढणार, मग एक शनिवारी दिला आणि एके दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन. तुम्हीही विचारा. मास्क (शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात ती जाळी) बनवायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या, किडका दात नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आणि सरकारी आरोग्य योजनेत बसत असाल तर नेमकं कोणतं तंत्र मंजूर झालंय तेही पहिल्या दिवशीच बघा.

बाबांना आता अकरा महिने झाले. सहाव्या आठवड्यात ताकातला पातळ भातही उतरत नव्हता, कपाळावर मास्कच्या जाळीचे वळ तासभर राहायचे. परवा ते आणि काका पंगतीत शेजारी बसले होते. काका प्रत्येक घासाला पाणी घेत होते, बाबांनी अर्धी भाकरी पिठल्यासोबत खाल्ली आणि मग पाणी मागितलं.