विडीचा कट्टा आणि च्युइंगमची पट्टी

सोलापुरातील एका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात मी काम करत असताना, चार पावले चालले तरी धाप लागणारे 51 वर्षांचे एक हमाल दुसऱ्या भेटीला आले आणि त्यांनी विडीचा कट्टा व विडी सोडण्यासाठी औषध म्हणून चघळायच्या निकोटीन च्युइंगमची रिकामी पट्टी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"डॉक्टर, ह्या कट्ट्याचे पंचवीस आणि ह्या पट्टीचे शंभर. दोन्हींवर माझा एकच दिवस जातो. आता तुम्हीच सांगा."

च्युइंगम बाराच आठवडे घ्यायचे आहे, विडी मात्र जन्मभराची, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "बारा आठवड्यांचे पैसे आज कुठून आणू?" त्यांच्या पत्नी घरी विड्या वळतात, हे मला त्याच दिवशी समजले.

मी हिशेब मांडला. रोज 10 पासून हळूहळू कमी करत गेल्यास च्युइंगमच्या सुमारे 600 गोळ्या, म्हणजे 6 हजार रुपये लागतात. विडी खरोखर सुटली, तर हे पैसे आठ महिन्यांत वसूल होतात. पण 'तर' हा शब्द फार जड आहे. औषधाशिवाय प्रयत्न करणाऱ्या 100 जणांपैकी साधारण 6 जणांची सवय सुटते आणि निकोटीनच्या आधाराने 9 जणांची. म्हणजे जास्तीच्या एका माणसाची सवय सुटावी म्हणून सुमारे 33 जणांना औषध द्यावे लागते, आणि खर्च जातो 2 लाखांपर्यंत. विडी ओढणाऱ्या भारतीय पुरुषाचे आयुष्य सरासरी 6 वर्षांनी घटते, हे ध्यानात घेता समाजाच्या दृष्टीने हा सौदा स्वस्तच आहे. मात्र ज्याच्या खिशात दिवसाचे पंचवीस रुपये आहेत, त्याने 6 हजारांची पैज लावावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ही पैज सरकारी तिजोरीने लावावी. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटीनचा समावेश झाला आहे, पण आमच्या औषधखिडकीत ते नव्हते.

समाजसेवा अधीक्षकांकडे जाऊन मी गरीब रुग्ण निधीतून पहिल्या चार आठवड्यांची सोय करून घेतली. विडी सोडण्याचा दिवस पुढचा मंगळवार ठरला. जाताना त्या हमाल मामांनी टेबलावरचा कट्टा उचलून खिशात ठेवला. मी त्यांना अडवले नाही.