पाखाडीखालचे दुकान

आमच्या घरापासून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून वाण्याच्या दुकानापर्यंत जेमतेम तीनशे पावले होतात. माझ्या चुलतभावाला हे अंतर पुन्हा एकट्याने कापायला दोन वर्षे लागली, आणि त्यातला बराचसा काळ, कोणी नसताना त्याला ऐकू येणारे आवाज थांबलेलेच होते.

रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय असल्यामुळे आमच्याकडे 'याला रत्नागिरीला न्यायला हवे' एवढे म्हटले तरी पुढचे सगळ्यांना कळते. त्या धास्तीने, आणि देवाला कौल लावण्यात, एक पावसाळा गेला. पुढे स्किझोफ्रेनियाचे निदान झाले, औषधे सुरू झाली, काही महिन्यांत आवाज आणि संशय ओसरले. पण आंघोळीसाठी त्याला चारदा सांगावे लागे, आणि पाहुणे आले की तो मागच्या पडवीत जाऊन बसे. या आजारात भास जसे नव्याने येतात, तशी इच्छा, उत्साह आणि बोलणे यांना ओहोटीही लागते, आणि या ओहोटीवर औषधांचा फारसा इलाज चालत नाही, हे आम्हाला उशिराच कळले. तोवर वाडीने त्याला आळशी ठरवून टाकले होते. आवाज येत होते तेव्हा त्याची दया तरी यायची!

दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी 'आयडियाज' ही मानसिक आजाराने आलेली अक्षमता मोजणारी भारतीय मोजपट्टी पाहिली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, शिवाय आजार किती काळ आहे त्याचे गुण. भासांचा रकाना तीत नाही. आमच्या घरात नेमके काय बिघडले होते, ते मला त्या कागदावर पहिल्यांदा नीट मांडलेले दिसले.

दुकानात जाणे म्हणजे चार गिऱ्हाइकांत आपला नंबर धरणे, काय आणायचे ते लक्षात ठेवणे, 'काय रे, बरा आहेस ना?' याला काहीतरी उत्तर देणे आणि सुटे पैसे मोजून घेणे. सुरुवातीला काकू त्याच्याबरोबर पायरीपर्यंत जाई आणि तो फक्त काडेपेटी मागे. कधी गर्दी बघून तो तसाच परत फिरे, आणि काकू त्याला काही बोलत नसे.

गेल्या मार्गशीर्षात तो एकटा जाऊन मीठ आणि खोबरेल घेऊन आला. काकूने उरलेले पैसे मोजले, तर दोन रुपये कमी भरले. तिने तसे सांगताच तो क्षणभर उंबऱ्यात थांबला आणि ते मागून आणायला पुन्हा पाखाडी उतरू लागला.