बेळगावच्या लॉजवर इस्त्री मारलेले पासपोर्ट

जुलैत चोर्ला घाट बघायचा असेल तर काच खाली करूनच बघावा, पण आम्हाला ती चैन नव्हती कारण आतेभाऊ (आमचा दादा) आणि वहिनी दुबईहून गोव्याला उतरलेले, डिकीत चार बॅगा, मांडीवर दोन, आणि पाऊस असा की वायपर फुल्ल स्पीडला टाकूनही पुढचा टेम्पो दिसेना. कणकुंबीला चहा घेतला. मलप्रभा इथेच उगम पावते, देवळाजवळ एवढीशी धार, आणि तीच बाई पुढे आत्याच्या गावचा पूल गिळून बसते. जांबोटीत कळलं की पूल पाण्याखाली गेलाय, खानापूरकडून पण जाता येणार नाही. मग काय, सरळ बेळगाव गाठलं आणि बाजारपेठेजवळच्या एका लॉजवर दोन खोल्या घेतल्या.

दादाने आयडी म्हणून हातात होते तेच पासपोर्ट दिले. काउंटरवरचा पोरगा एकदम सावध झाला. "फॉरेन पार्टी हाय नव्हं? सी फॉर्म भरायला लागतोय बगा, वरिजिनल ठेवून जावा, सकाळी देतो." मी म्हटलं अरे बाबा दोघं खानापूरचे आहेत, पासपोर्ट भारताचा आहे, सी फॉर्म परदेशी नागरिकांसाठी असतो, चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा तो, आणि त्यालासुद्धा पासपोर्ट रात्रभर ठेवून घ्यायची काही गरज नसते. तर म्हणे झेरॉक्स मशीन बंद आहे, मालकांचा नियम आहे. वहिनी पेंगत होती, दादा म्हणाला जाऊ दे रे.

रात्री गटार तुंबलं आणि पाणी शटरखालून आत. पासपोर्ट काउंटरच्या सगळ्यात खालच्या खणात, रेक्झिनच्या रजिस्टरखाली. आता गंमत अशी की नुसते भिजले असते तर पंख्याखाली वाळवून निदान वाचता तरी आले असते, पण पहाटे कुणाला तरी सुचलं की चादरींच्या इस्त्रीने पटकन वाळतील. दादाचा थोडक्यात बचावला, कव्हरचा निळा रंग आतल्या पानांना लागला एवढंच. वहिनीच्या पासपोर्टाचं फोटोचं पान मात्र भाजलेल्या पापडासारखं गोळा झालेलं, लॅमिनेशनला फोड, फोटोतला अर्धा चेहरा गायब, खालच्या दोन ओळी, ज्या एअरपोर्टवर मशीन वाचतं, त्या पार विरघळलेल्या. आणि तो पोरगा ते पान उलगडून दाखवत म्हणतोय, "मॅडम, नाव दिसतंय की अजून थोडं."

मॅनेजर आले ते आधी हात जोडून आणि नंतर हात वर करून. लेटरहेडवर लिहून द्या म्हटल्यावर "तेवढं नको, आपण आपसात बघू". दादा एरवी शांत माणूस, पण तिथे तो अडून बसला. पासपोर्ट ही आपली पण मालमत्ता नसते, १९६७ च्या कायद्याप्रमाणे ती केंद्र सरकारची असते, आणि २००८ मध्ये सुरेश नंदा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पोलीस आणि कोर्टसुद्धा पासपोर्ट जप्त करून अडकवून ठेवू शकत नाहीत, तो अधिकार फक्त पासपोर्ट ऑथॉरिटीचा. मग लॉजवाल्याला कुठून आला? शेवटी लिहून दिलं, कन्नडमध्ये आणि खाली मराठीत, शिक्क्यासकट.

पुढचं सगळं हुबळीच्या पासपोर्ट केंद्रात. पासपोर्ट कशाने खराब झाला त्याचं अॅफिडेव्हिट, म्हणजे अनेक्शर एफ, कोर्टाजवळच्या नोटरीकडून करून घेतलं. खरा फरक पडला तो इस्त्रीमुळे. नंबर, नाव वाचता येतंय आणि फोटो शाबूत आहे तर तो अर्धवट खराब, त्याला तत्काळ, म्हणजे जास्त पैसे भरून लवकर मिळणारा पासपोर्ट, चालतं, म्हणून दादाचे ५००० भरून काम झालं. वहिनीचा पूर्ण खराब, म्हणजे फी ३००० पण तत्काळ नाही, लायनीत थांबायचं आणि पोलीस व्हेरिफिकेशनची वाट बघायची. २०२२ पासून दुबईचा रहिवासी व्हिसा पासपोर्टात चिकटवत नाहीत, एमिरेट्स आयडी, म्हणजे तिकडचं ओळखपत्रच चालतं, तेवढं एक बरं, नाहीतर तेही धुपलं असतं. पण नवीन पासपोर्ट नंबर तिकडे कळवायची भानगड उरतेच.

दादा पुढे निघून गेला, वहिनी आत्याकडे राहिली. पाणी ओसरल्यावर तिला हलशीला नेलं. कदंब राजांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, ओला काळा दगड, आत आम्ही आणि पुजारी एवढेच. तिने लहानपणी पाहिलं होतं म्हणे, पण आठवत होता फक्त बाहेरचा आवळेवाला.

लॉजचा हिशेब राहिलाच सांगायचा. मॅनेजरने दोन्ही खोल्यांचं भाडं माफ केलं, वर कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, बॉक्स दिला, आणि बिलात एक्स्ट्रा गादीचे पैसे लावले.