बसऱ्याला गेलेले

शनिवारी स्कॉटलंडमधल्या ईस्टरिग्ज गावी, पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्याच्या संग्रहालयात, एका वयस्क बाईंनी मला सहज विचारले, "तुमच्या घरातले कोणी त्या युद्धात होते का?" आणि मी "नाही" म्हणून मोकळी झाले. आज मंगळवार आहे, पण तो शब्द अजून मनातून जात नाही.

त्या क्षणी माझे सारे लक्ष त्या कारखान्यात राबलेल्या मुलींच्या हातांकडे होते. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन (कापसापासून केलेले स्फोटक) एकत्र करून त्या ते मिश्रण कणीक तिंबावी तसे हातांनी तिंबत असत. आत जाताना केसांतला आकडा, अंगठी, धातूचे बटण, सगळे काढून ठेवावे लागे, कारण एक ठिणगी पुरेशी होती. नायट्रोग्लिसरीनने डोके भयंकर दुखे, आणि तरीही पाळी संपेपर्यंत हात चालूच ठेवायचे. 1916 मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी हे काम पाहिले आणि त्या लगद्याला ‘सैतानाची लापशी’ म्हटले. संग्रहालयाचे नावही त्यावरूनच पडले आहे. मळलेल्या लगद्यातून पुढे कॉर्डाइट तयार होई आणि त्याच्या जोरावर तोफेतून गोळा सुटे.

1915 मध्ये आघाडीवर तोफगोळे कमी पडू लागले, तेव्हा सॉल्वे खाडीकाठी, डॉर्नॉकपासून इंग्लंडच्या सीमेपलीकडच्या मॉसबँडपर्यंत, शेतीभातीच्या मुलखात सुमारे 9 मैल लांबीचा हा कारखाना उभा राहिला. सुमारे 12 हजार स्त्रिया तिथे कामाला होत्या. त्यांच्यासाठी आणि बाकीच्या कामगारांसाठी ग्रेटना आणि ईस्टरिग्ज ही गावे वसवली गेली. ईस्टरिग्जच्या रस्त्यांना साम्राज्यातल्या शहरांची नावे दिली गेली, म्हणून तिथे आजही एक दिल्ली रोड आहे. ती पाटी पाहून मी हरखून गेले, तिच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत मी ते ‘नाही’ म्हटले, आणि तेच मला सलते आहे.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक इंग्रजी शिळा आहे. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. दोन आकडे आहेत, नाव एकही नाही. लहानपणी त्या शिळेला पाठ टेकून मी कितीदा तरी बसले असेन. आमच्या घरात हरवलेल्या वस्तूला ‘बसऱ्याला गेली’ म्हणत; बसरा म्हणजे इराकमधले, त्या युद्धातले बंदर. आजी हे म्हणताना कधी हसत नसे. हे सगळे मला ठाऊक होते आणि तरीही मी ‘नाही’ म्हटले.

काल रात्री फार एकटे वाटले. इतक्या दूर येऊन राहिलेल्या माणसाने घरचे काय काय म्हणून जपायचे, आणि ते मीच का जपायचे, असे मनात येऊन रडूही आले. त्याच तिरमिरीत काकांना फोन लावला.

"काका, बसऱ्याला गेलेले ते आबा आपले कोण?"

"अगं, माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. नाव आईला माहीत होते. आम्ही कोणी विचारलेच नाही बघ."

काकांचा आवाज ऐकताना माझा राग कुठे गेला कळले नाही. त्यांनीही विचारले नव्हते, मीही विचारले नव्हते. मग मी बसऱ्यापलीकडच्या, इराकमधल्याच कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याविषयी वाचत बसले. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तिथे अडकल्या होत्या. शेवटी उपासमार झाली आणि 29 एप्रिल 1916 रोजी कूट पडले. त्या सुमारास ग्रेटनाचा हा कारखाना जेमतेम सुरू होत होता, म्हणजे इथल्या मुलींच्या हातचे कॉर्डाइट त्या शिपायांच्या तोफांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. असा काही धागा जुळावा असे मला फार वाटत होते. तो जुळला नाही, आणि ओढूनताणून मी तो जुळवणारही नाही. त्या मुली सॉल्वेकाठी राबल्या, आबा बसऱ्याला गेले, आणि माझ्या मनात आता दोघांनाही जागा आहे.

येत्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. त्या बाई भेटल्या तर सांगेन, की आमच्या घरातले एक जण होते. नाव विचारले तर ‘बसऱ्याचे आबा’ एवढेच सांगता येईल, आणि गावातल्या शिळेवरच्या दोन्ही आकड्यांत ते आहेत, हेही सांगेन.