नाणेघाट–जीवधन एकटीने: कल्याण दरवाजाचं खरं काय ते

नाणेघाटाशेजारच्या जीवधन किल्ल्याचा कल्याण दरवाजा म्हणजे "थोडासाच रॉक पॅच", म्हणजे हातापायांनी चढायचा कातळटप्पा, असं मला तिघांनी सांगितलं होतं. तिघंही घोळक्यात गेलेले. "घरात कुढत बसू नकोस, डोंगरात जा, मोकळं वाटेल" हेही त्यांचंच. नवरा गेल्याला अकरा महिने झालेत. वीस वर्षं आम्ही सह्याद्री बरोबरच तुडवला, त्यामुळे पायांची काळजी नव्हती.

ठाण्याहून लोकलने कल्याण, तिथून माळशेजमार्गे जाणारी एसटी. कंडक्टरला 'नाणेघाट पायथा' आधीच सांगून ठेवा, नाहीतर फुकट माळशेज दर्शन होईल. चढ तीन तासांचा, सरळ. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वर लेण्यात सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी लेख आहे, तो सगळे बघतात. मागच्या भिंतीकडेही जरा वळा. तिथे सातवाहनांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली, खाली फक्त पावलं उरलीत. नाव आहे, पाय आहेत, मधलं माणूस नाही. मी तिथे किती वेळ बसले, कोण जाणे.

मुक्काम वरच्या घाटघर गावात एका घरी. काकूंनी दोनदा विचारलं, "मागून कोण येतंय?"

दुसऱ्या दिवशी खरी गोची. जीवधनला खेटून असलेला वानरलिंगी सुळका समोर दिसतो म्हणून वाट चुकणार नाही, हे साफ खोटं. जंगलात गुरांच्या वाटा इतक्या की मी दीड तास गोल फिरले. वाट उतरायला लागली की समजा चुकलात, मागे फिरा. पुढे पायऱ्या तुटलेल्या. 1818 मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावले, त्याची फळं आपण भोगायची. शेवटच्या टप्प्यात कातळाला खोबण्या आहेत, पण पाठीवरची सॅक मागे खेचते आणि खाली बघवत नाही. मधेच अडकले. वरही नाही, खालीही नाही. तेव्हा नवऱ्याला मोठ्याने शिव्या घातल्या, अगदी नावानिशी. मग डावा पाय सापडला.

वर आल्यावर लक्षात आलं, तास-दोन तास तो गेलाय हे मनातच नव्हतं. त्याचंच मग रडू आलं.

पाणी मी सवयीने दोघांच्या हिशेबाने भरलं होतं, चार लिटर. चारही संपले. तेवढं न्याच.

माझं मत विचाराल तर कल्याण दरवाजा एकट्याने करू नका. रडायचं असेल तर नाणेघाटात रडा, जीवधनला दोन्ही हात मोकळे लागतात. चढउतार दोन्ही गडाच्या दुसऱ्या, जुन्नर दरवाजाने करा. मी तिथूनच उतरले.

घाटघरात जीपवाल्याने विचारलं, "किती जण?" म्हटलं, एक. "मग स्पेशल पडेल. पंधराशे." जुन्नरपर्यंत! घासाघीस करून बाराशे दिले, अजून जिवावर येतंय. जीप आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, आणि दर पक्का होईपर्यंत 'एकटी' हा शब्द तोंडातून काढू नका.